आजचा पाहुणा

किटलीला तोटीच नव्हती.

"झालं," हे म्हणाले आणि त्यांनी ब्रश वाडग्यातल्या पाण्यात खळखळवला.

मी चित्राकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग परत चित्राकडे. टेबलावरची मांडणी माझीच होती. मधोमध निळी इनॅमलची किटली, कान उजवीकडे, तोटी डावीकडे. उजव्या अंगाला दोन सफरचंदं, डाव्या अंगाला कांदा आणि काचेचा ग्लास. कागदावर किटलीचा कान होता, कानाची सावली होती, झाकणाचा अर्धा गोल होता. सफरचंदांवर खिडकीतला उजेड असा पडला होता की उचलून चावा घ्यावा. आणि किटलीच्या बरोब्बर मध्यावर सगळं संपलं होतं. त्यापलीकडे कोरा कागद. तोटी नाही, कांदा नाही, ग्लास नाही, अहो, टेबलसुद्धा नाही.

"तोटी कुठाय?" मी विचारलं.

"कसली तोटी?"

"किटलीची. चहा काय कानातून ओतायचा?"

त्यांनी डोळे बारीक करून किटलीकडे पाहिलं, पेन्सिल हातभर पुढे धरून मापसुद्धा घेतलं. "सगळं आहे की," म्हणाले. "तू पाव मोज. चित्रातलं तुला काय कळतंय?"

आता मी जन्मभर बेकरीच्या काउंटरवर उभी राहिले हे खरं, आणि चित्रातलं मला कळत नाही हेही खरं. पण अर्धा पाव आणि अख्खा पाव यातला फरक मला झोपेतसुद्धा कळतो. माझा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. पोरं त्यांना मागून मडकं सर म्हणायची, कारण पहिल्या तासाला मडकं, शेवटच्या तासाला मडकं. "ज्याला मडकं आलं त्याला जग आलं," असं हे म्हणायचे आणि पोरं मागच्या बाकावर फिदीफिदी हसायची. त्यातलंच एक पोर पुढे फ्रेम करायचं दुकान काढून बसलं. त्याच्याविषयी सांगेन, आधी ह्यांचं सांगते.

निवृत्तीनंतर रोज सकाळी एक स्थिरचित्र काढायचं, असा ह्यांचा नेम होता. नेम म्हणजे नेम, घरी पाहुणे असोत की नळाला पाणी नसो. अशाच एका सकाळी ब्रश हातात असताना हे खुर्चीतून डाव्या बाजूला कलले. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा बोलणं शाबूत, उजवा हात शाबूत, जिभेचा तिखटपणा तर पहिल्यापेक्षा जास्त. डावा पाय ओढत ओढत चालायचे, डावा हात निकामी. लोक म्हणाले, नशीब थोर, डाव्यावर निभावलं. मीही तसंच म्हणत होते. मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की ह्यांची नुसती डावी बाजू लुळी पडलेली नाही. ह्यांच्या लेखी डावी बाजू उरलेलीच नाही.

ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवायचे आणि ताट पुढे सरकवून म्हणायचे, "एवढंसंच वाढलंस? उपाशी मारतेस का?" मी ताट गर्रकन फिरवून ठेवायची, की मग उरलेलं जेवायचे. दाढी एकाच गालाची करायचे. दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटायचा आणि चौकटीलाच शिव्या घालायचे. डोळे तपासले, डोळे ठणठणीत. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. तिने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "काकू, डोळ्यांना दिसतं, पण मेंदू डावीकडे बघतच नाही. काकांना वाटतं, जग तेवढंच आहे. काहीतरी कमी आहे हेच त्यांना वाटत नाही, म्हणून ते शोधतही नाहीत."

"मग डावीकडचं परत दिसणार का?"

"जे यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं. मान वळवायची सवय लावा. नंतर मग आहे तसंच राहतं."

मी गॅसची ज्योत उगाच लहानमोठी करत राहिले. ती मुलगी चांगली होती, पण खोटं बोलायला शिकली नव्हती.

आता माझं दुखणं सांगते, कारण ते कोणी विचारलं नाही. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या डाव्या बाजूला झोपते. जेवायला बसते ती डावीकडे, कारण स्वयंपाकघराचं दार तिकडे. सकाळी हे चित्र काढायचे तेव्हा मी डावीकडच्या स्टुलावर बसून भाजी निवडायची. म्हणजे माझं सगळं बस्तान त्या हरवलेल्या बाजूला. मी स्टुलावर बसलेली असायची आणि हे हाक मारायचे, "अगं, कुठे गेलीस? घरात कोणी आहे का?" हातभर अंतरावर मी! बोलले की दचकायचे आणि मला उजवीकडे शोधायचे.

सगळे म्हणाले, सोपं आहे, तुम्ही उजवीकडे बसा. आमच्या मुलीनेही फोनवर तेच सांगितलं, "आई, हट्ट करू नकोस, बाजू बदल." पण मी नाही बदलली. मी का सरकू? मी सरकले की हे डावीकडे बघायचे कायमचे थांबले. आणि खरं सांगायचं तर मला माझ्या जागेवर बसूनच ह्यांना दिसायचं होतं. एवढंच मागणं होतं माझं. मी मनाशी ठरवून टाकलं, ज्या दिवशी ह्यांच्या किटलीला तोटी येईल, त्या दिवशी मीही ह्यांना दिसेन.

तेव्हा रोज सकाळी मांडणी करायचं काम मी अंगावर घेतलं. कागद ओला करून फळीवर ताणून चिकटवायचा, दोन वाडग्यांत पाणी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ, रंगांच्या वड्या ओल्या करून ठेवायच्या, चिंधी उजव्या हाताशी. हे फिकट रंगापासून सुरुवात करायचे आणि गडदाकडे जायचे. पांढरा रंग वापरणाऱ्याला ह्यांच्या वर्गात बाकावर उभं करायचे. पांढरं हवं तिथे कागद सोडायचा, एकदा रंग बसला की उजेड परत मिळत नाही. हे मी इतकी वर्षं ऐकून ऐकून पाठ केलेलं. म्हणून कोऱ्या राहिलेल्या जागेबद्दल मी बोलले की ह्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: "कागद सोडलाय तो. उजेड आहे तिथे."

"अर्ध्या कागदावर उजेड?"

"तू गप्प बस गं."

व्यायामवाल्या मुलीने सांगितलं म्हणून मी टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मग ब्रश उचलायचा. पहिले काही दिवस नाकी नऊ आले. मी हनुवटी धरून मान वळवायची, हे माझा हात झटकायचे. "मी काय बैल आहे?" म्हणायचे. लहानपणापासून ब्रश धरलेला माणूस, त्याला मी, पाव विकणारी, कुठे बघायचं ते सांगते म्हणजे काय! चिडून चिडून ह्यांच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या. मीही काही कमी नाही. आमची भांडणं शेजारी भिंतीला कान लावून ऐकत असणार.

त्यातच तो फ्रेमवाला भेटायला आला. सरांच्या पाया पडला, खुर्ची ओढून उजवीकडे बसला, म्हणजे लगेच दिसला. भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं त्याने एकेक उचलून पाहिली. अर्धी किटली, अर्धा माठ, अर्धं कलिंगड.

"सर! काय स्टाइल आहे ही! ही रिकामी जागा... काय धाडस आहे!"

"कसली रिकामी जागा?" ह्यांनी विचारलं.

"बघा, आणि वर विचारतात!" तो माझ्याकडे बघून हसला. "सर, ही मी दुकानात लावतो. फ्रेम माझ्याकडून. लोकांना बोलावू, छोटंसं प्रदर्शन करू."

ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आजारपणानंतर पहिल्यांदाच. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. मी त्याला चहाच्या निमित्ताने बाहेरच्या पॅसेजमध्ये नेलं.

"स्टाइल नाहीये ती. त्यांना डावीकडचं समजत नाही. तेवढंच दिसतं म्हणून तेवढंच काढतात."

त्याचं तोंड उतरलं. मग म्हणाला, "काकू, पण सर किती खूश झाले. राहू द्या ना. कशाला त्यांना सांगायचं? अर्धं तर अर्धं."

"तुझ्या बायकोला तू उद्यापासून दिसेनासा झालास, तर तिने अर्धं तर अर्धं म्हणावं का?"

त्याने चपला पायात सरकवल्या. चहा न घेताच गेला. चित्रं मी दिली नाहीत. ह्यांना कळलं तेव्हा घरात जो काय तमाशा झाला! "तुला माझं नाव झालेलं बघवत नाही," म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी कदर केली आणि तू त्याला हाकलून दिलंस." ब्रश भिंतीवर फेकला. निळ्या रंगाचा शिंतोडा कॅलेंडरवर उडाला. दुसऱ्या दिवशी मांडणी तयार होती, कागद ताणलेला होता, आणि हे खाटेवरून उठायला तयार नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. व्यायामवाली मुलगी म्हणाली, "काकू, वेळ जातोय." मला काय कळत नव्हतं का?

तेव्हा मला पाहुणा आठवला.

शाळेत ह्यांची एक पद्धत होती. मडक्याच्या मांडणीत पोरं यायच्या आधी हे गुपचूप एक नवी वस्तू ठेवायचे. कधी शिपायाची चप्पल, कधी मुख्याध्यापकांचा चष्मा, कधी स्टाफरूममधलं कुलूप. तिला पाहुणा म्हणायचे. वर्गात शिरल्यावर पोरांनी आधी पाहुणा शोधायचा, कागदावर पहिला तो काढायचा, मग बाकीचं. आणि तास संपला की पाहुणा ज्याचा त्याला नेऊन द्यायचा, हा नियम. मडकं काढून कंटाळलेली पोरं पाहुण्यासाठी धावत यायची.

मी खाटेपाशी जाऊन म्हटलं, "टेबलावर पाहुणा आहे. तुम्हाला काही सापडायचा नाही."

"मला?" हे उशीवरून मान उचलून म्हणाले. "मला सापडायचा नाही? मला?"

तसेच काठी टेकत आले. पहिला पाहुणा होता कात्री, टेबलाच्या मध्यापासून जेमतेम बोटभर डावीकडे. बराच वेळ शोधली. शिव्या दिल्या, माझ्यावर लबाडीचा आरोप केला. मी भाजी निवडत राहिले. मग मान हळूच वळली, पुन्हा वळली, आणि "ही बघ!" करून ओरडले. मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

त्यानंतर मी रोज पाहुणा थोडा थोडा डावीकडे सरकवत नेला. खलबत्ता, लिंबू, माझी चष्म्याची डबी, गजराचं घड्याळ. घड्याळाची टिकटिक ऐकून सापडलं तर म्हणाले, "हे चीटिंग झालं." काही दिवस गाडी पुढे जायची, काही दिवस मागे यायची. कांदा अर्धा यायचा. ग्लासची एकच कड यायची. एकदा पाहुणा सापडला, पण किटली पुन्हा अर्धीच राहिली, आणि त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मग एका सकाळी किटलीच्या पोटाची डावी गोलाई आली. थरथरती, पातळ रंगाची, पण आली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर दृष्ट लागली असती. बेकरीत रोज उरलेला पाव खायला घातलेल्या सगळ्या कुत्र्यांचं पुण्य मी त्या दिवशी मनातल्या मनात देवाकडे वटवून घेतलं.

आणि मग तो दिवस आला.

ह्यांचा डावा हात एरवी गळ्यातल्या पट्टीत असायचा. पट्टी कळकट झाली होती म्हणून मी ती धुवायला टाकली. हात खुर्चीवरून लोंबता ठेवायचा नाही, खांदा निखळतो, असं त्या मुलीने बजावलेलं. म्हणून मी तो उचलून टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टीजवळ ठेवला, खाली घडी केलेला टॉवेल. किटली मांडली, कांदा मांडला, ग्लास मांडला. पाहुणा म्हणून त्या दिवशी अंडं ठेवायचं ठरवलं होतं. अंडं आणायला आत गेले तोच दाराची बेल वाजली. नळ दुरुस्त करणारा आला होता, किती दिवसांपासून त्याची वाट बघत होतो. त्याला न्हाणीघर दाखवलं. तो वायसर बदलायचा सोडून अख्खा नळच बदलायला निघाला, त्याच्याशी हुज्जत घातली. या सगळ्या गोंधळात अंडं ओट्यावरच राहिलं.

परत आले तर हे चित्रात बुडून गेलेले. मान डावीकडे वळलेली, कोणी न सांगता! मी आवाज न करता माझ्या स्टुलावर बसले.

मग कागद बघितला. किटलीला तोटी होती. सबंध तोटी, टोकाशी बारीक उजेड सोडलेला. कांदा होता, कांद्याची सालपटं होती. ग्लास होता, ग्लासमधून दिसणारी वाकडी झालेली टेबलाची कड होती. आणि सगळ्यात पुढे, टॉवेलवर, हात होता. मनगटापासून पाची बोटं, फुगीर, जराशी जांभळट, कातडी ताणून चकचकीत झालेली. नखांवरचा उजेडसुद्धा सोडलेला. एवढं चांगलं ह्यांनी आजारपणाच्या आधीसुद्धा काही काढलं नव्हतं, हे माझ्यासारखीलाही कळत होतं.

"अहो! अहो, सगळं आलं! तोटी आली! हातही आला!"

ह्यांनी मान आणखी वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. माझ्या जागेवर, डावीकडे, स्टुलावर बसलेल्या माझ्याकडे. डोळ्यांत डोळे घालून. इतक्या दिवसांनी. आणि हसले. मला वाटलं, आता मेले तरी चालेल.

"आजचा पाहुणा अवघड दिलास हं," ते म्हणाले. "पण सापडला. मजा आली. कोणाचा आहे गं?"

मला आधी समजलंच नाही. "काय कोणाचा?"

"हात." त्यांनी ब्रशच्या दांड्याने टॉवेलकडे दाखवलं.

"अहो, काहीतरीच काय? तुमचा आहे."

ते हसले. वर्गात एखाद्या पोराने वेडंवाकडं उत्तर दिलं की हसायचे तसेच, न रागावता. "माझा हा," म्हणाले आणि ब्रश धरलेला उजवा हात माझ्यापुढे नाचवला. "तो कोणातरी म्हाताऱ्याचा दिसतोय. सुजलाय बघ केवढा. नखंही कापलेली नाहीत बिचाऱ्याची."

मी तो हात उचलला, दंडापर्यंत त्यांची बाही वर सारली, खांद्यापर्यंत बोट फिरवत नेलं. "हे बघा, इथून इथपर्यंत. तुमचाच. सदरा तुमचा, दंड तुमचा, हात दुसऱ्या कोणाचा असेल हो?" माझा आवाज चढला होता. न्हाणीघरात ठोकाठोक थांबली, नळवाला ऐकत असणार.

ह्यांनी सगळं नीट पाहिलं. बाही पाहिली, दंड पाहिला. आता त्यांना सगळं दिसत होतं, हीच तर पंचाईत होती. मग त्यांना माझी दया आल्यासारखं झालं. "बरं बरं, ओरडू नकोस," म्हणाले. "ज्याचा असेल तो शोधत येईल. पण मॉडेल म्हणून एक नंबर. पोरांना मी नेहमी सांगायचो, हात काढणं सगळ्यात कठीण, कारण हात हलतो. हा बघ, जराही हलला नाही."

त्यांनी चिंधीने ब्रश पुसला, मान मागे घेऊन चित्र लांबून पाहिलं, तोटीवर पातळ रंगाचा एक शेवटचा फटकारा मारला. अगदी खुशीत होते.

"चल, झालं चित्र," ते म्हणाले. "पाहुणा उचल आता. ज्याचा त्याला देऊन ये."

मी टॉवेलसकट तो हात उचलला. जड होता, आणि गरम. टेबलावरून खाली घेऊन मी तो माझ्या मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी घट्ट धरला. ह्यांनी रिकाम्या झालेल्या कडेकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"उद्या जरा सोपं काहीतरी ठेव," ते म्हणाले.

"अंडं ठेवते," मी म्हटलं.